लँथॅनमची पकड

लताबाई पगारे आमच्या केमिस्ट्री विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाल्या तेव्हा मी नुकताच विभागप्रमुख झालो होतो, आणि त्यांच्याबद्दल माझं पहिलं मत असं झालं की ही बाई भयंकर हळू काम करते. ब्युरेटमधून एक थेंब सोडायचा, मीटरचा काटा स्थिर होईपर्यंत पाहत उभं राहायचं, मग पुढचा थेंब. मला जन्मजात घाई. मी सटाण्याकडचा, कारभारी भामरे माझं नाव. एरवी चारचौघांसारखं शहरी बोलतो, पण डोकं फिरलं की तोंडातून अहिराणी बाहेर पडते, आणि डोकं लवकर फिरतं. पोरं पाठीमागे मला 'काय शे सर' म्हणायची. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

पुढे लताबाई लेक्चरर झाल्या आणि त्यांनी पुणे विद्यापीठात पीएचडीला नाव नोंदवलं. गाइड पुण्याचे, प्रयोग मात्र नाशिकला आमच्याच लॅबमध्ये करायचे, अशी परवानगी मिळाली. विषय ऐकून मी कपाळाला हात लावला. दुर्मिळ मृदा धातूंचे आयन जीवसृष्टीतल्या महत्त्वाच्या रेणूंना कसे आणि किती घट्ट धरतात, हा त्यांचा विषय. आमच्याकडे एक पीएच मीटर, तोही पावसाळ्यात रुसणारा.

"लताबाई, सोपं काहीतरी घ्या की," मी म्हणालो.

"सर, हे सोपंच आहे," त्या म्हणाल्या. "फक्त सावकाश करायला लागतं."

दुर्मिळ मृदा म्हणजे लँथॅनम आणि त्याची भावंडं. केरळच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून निघतात. नावाप्रमाणे ते फार दुर्मिळही नाहीत आणि माती तर नाहीतच. तोवर मी हे धातू वर्गात एका तासात उरकत असे, कारण सगळे सारखेच वागतात असं आम्हाला शिकवलं होतं आणि आम्हीही तेच पुढे शिकवत होतो. लताबाईंनी मला त्यांच्याकडे नीट बघायला लावलं. या आयनांचा आकार जवळजवळ कॅल्शियमएवढा. पण कॅल्शियमवर धन भार दोन, यांच्यावर तीन. त्यामुळे शरीरातल्या मोठ्या रेणूंमध्ये जी जागा कॅल्शियमची, तिथे हे जाऊन बसतात आणि बसले की सहसा उठत नाहीत. ऑक्सिजन दिसला की हपापतात, नायट्रोजनकडे फारसं लक्ष देत नाहीत. भावंडांच्या रांगेत लँथॅनमपासून जसजसं पुढे जावं तसतसा आयन थोडा आवळत जातो आणि त्याची पकड सर्वसाधारणपणे घट्ट होत जाते. मधे गॅडोलिनियमपाशी मात्र ही चढण जराशी अडखळते. ती अडखळ लताबाईंना आमच्या त्या रुसक्या मीटरवर सापडली, तेव्हा मी खुर्चीतून उठून त्यांच्या टेबलापाशी गेलो होतो. एवढी बारीक गोष्ट आमच्या लॅबमध्ये दिसू शकते, हे मला खरंच वाटत नव्हतं.

पकड मोजायची रीत अशी. रेणूचं आम्लातलं द्रावण घ्यायचं, त्यात थेंबाथेंबाने अल्कली सोडायचा आणि दर थेंबाला पीएच टिपायचा. एक रेघ मिळते. मग तेच सगळं धातूचा आयन घालून करायचं. रेघ बाजूला सरकते, आणि किती सरकली त्यावरून आयनाने रेणूला किती घट्ट धरलंय ते कळतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला तर सगळं वाया, म्हणून भांड्यातून सतत नायट्रोजन सोडायचा. त्याचं सिलिंडर अंबडच्या औद्योगिक वसाहतीतून टेम्पोने यायचं. लताबाईंचे वडील पुंजाराम पगारे तिथेच एका कारखान्यात फिटर होते. सिलिंडर आलं की तेच येऊन नळी जोडून द्यायचे, लेकीच्या टेबलाकडे एकदा बघायचे आणि निघून जायचे.

अमिनो आम्लांचे प्रयोग अशा रीतीने एकामागून एक पार पडले. शेवटचं प्रकरण उरलं, एटीपीचं. एटीपी म्हणजे पेशीला काम करायला लागणारी ताकद ज्यात साठलेली असते तो रेणू. त्याच्या शेपटाला तीन फॉस्फेट एकापुढे एक जोडलेले असतात, आणि फॉस्फेट म्हणजे ऑक्सिजनचं भांडार. लँथॅनम त्याला कसा धरतो हे मोजलं की प्रबंध पुरा. ब्याऐंशी सालचा एप्रिल महिना होता. नोंदणीची वाढवून घेतलेली मुदत जूनअखेर संपत होती आणि आता आणखी मुदत मिळणार नव्हती. तोवर प्रबंध दिला नाही, तर नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांचं काम मातीमोल.

आणि तिथेच घात झाला. एटीपीत लँथॅनम घातला, अल्कली सोडायला सुरुवात केली, आणि मध्यावर येता येता भांड्यात पांढरा ढग उठला. दही विरजताना दुधात पहिली गुठळी दिसते, तसा. ढग आला की काटा भरकटतो आणि रेघ बिघडते. लताबाईंनी सगळं ओतून दिलं, काच धुतली, पुन्हा केलं. पुन्हा ढग.

त्या दिवसांत त्यांचं दुसरं कामच उरलं नव्हतं. क्रोमिक आम्लाने काच धुवायची, ऊर्ध्वपातित पाण्याने विसळायची, ओव्हनमध्ये वाळवायची, प्रयोग लावायचा आणि ढग आला की पुन्हा धुवायला घ्यायची. कपडे धुवायच्या पावडरीत फॉस्फेट असतो आणि लँथॅनमला तो मिळाला की पांढरा साका होतो, म्हणून लॅबमधून पावडर हद्दपार झाली. पाणी दोनदा ऊर्ध्वपातित केलं. नवा ब्युरेट आणला. ढगाला काही फरक पडला नाही.

एका दुपारी स्टाफरूममध्ये चहा चालू असताना आमच्या ऑरगॅनिकच्या एका सहकाऱ्याने, ते अजून हयात आहेत म्हणून नाव घेत नाही, बशीतला चहा फुंकत म्हटलं, "काही हातांना काच मानवत नाही हो. कितीही धुवा."

लताबाई बौद्ध. राखीव जागेवर आलेल्या. त्या वाक्याचा रोख कुठे होता हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं, आणि कळलं म्हणूनच कुणी वर पाहिलं नाही. लताबाईंनी कप खाली ठेवला आणि त्या लॅबमध्ये गेल्या. मी मात्र उठलो.

"काय शे हे? तुना हात दाखव," मी त्या गृहस्थाला म्हणालो. "दाखव, तुना हातनी काय काय करेल शे ते मी बी पाहस."

बाकीचे लोक मध्ये पडले. चहा सांडला. त्यानंतर ते गृहस्थ माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, त्याचा मला फायदाच झाला.

पण रागावून ढग जात नसतो. मी विचार केला आणि माझं निदान ठरलं: फ्रिज. एटीपी नाजूक, थंडाव्यात ठेवावा लागतो. त्या उन्हाळ्यात वीज रोज तासन् तास जायची. विभागातला एकुलता एक फ्रिज कपाटासारखा नुसता उभा राहायचा. त्यात एटीपी गरम होऊन तुटत असणार, त्यातला फॉस्फेट मोकळा होत असणार, आणि लँथॅनम त्याला पकडून ढग करत असणार. सगळं कसं चपखल बसलं. मी हे विभागात जाहीर केलं आणि सगळ्यांना ते पटलं, कारण मी प्रमुख होतो.

मग सुरू झाली बर्फाची वारी. नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यातून मी रोज सकाळी स्कूटरवर बर्फाची लादी आणायचो, गोणपाटात गुंडाळून, मागे दोरीने बांधून. पुंजारामांनी पत्र्याची दुहेरी पेटी करून दिली, मधे लाकडाचा भुसा ठासलेली. त्यात एटीपीच्या द्रावणाची बाटली. माझी पॅन्ट मागून रोज ओली. कॉलेजातली पोरं काय काय बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. विभाग झाडून कामाला लागला होता. कुणी भुसा बदलायचं, कुणी पेटीवर ओलं पोतं टाकायचं. त्या ऑरगॅनिकवाल्या गृहस्थांनीसुद्धा एकदा तोंड वाकडं करून पेटीचं झाकण नीट लावलेलं मी पाहिलं.

आणि ढग येतच राहिला.

पुण्याहून गाइडांचा निरोप आला. त्यांचं म्हणणं व्यवहारी होतं: ढग येण्याआधीचे जेवढे बिंदू मिळतात तेवढे घ्या, रेघ पुढे अंदाजाने ओढा, आकडा काढा आणि प्रबंध बांधायला द्या. असं करणारे कमी नव्हते. मलाही वाटलं, करून टाकावं. मी तसं म्हणालोदेखील.

लताबाईंनी हातातला ब्युरेट स्टँडला लावला. मग म्हणाल्या, "सर, आकडा निघेल. पण तो कशाचा आकडा असेल? मी म्हणणार की लँथॅनमने एटीपीला एवढं घट्ट धरलंय. आणि भांड्यात एटीपी असेलच याची मला खात्री नाही."

"मुदत संपतेय, बाई."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा ब्युरेट भरायला लागल्या. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. आज सांगताना ऊर भरून येतो.

मे महिन्यात एका शनिवारी मला लग्नासाठी सटाण्याला जावं लागलं. सोमवारी सकाळी बर्फ घेऊन लॅबमध्ये आलो तर लताबाई माझ्याआधी आलेल्या. पेटी उघडी होती. आतला बर्फ केव्हाच विरघळून पाणी झालं होतं, ते पाणीही कोमट झालं होतं, आणि एटीपीची बाटली त्यात आडवी तरंगत होती. नाशिकचा उन्हाळा पुरा अंगावर घेतलेली.

"गेली," मी म्हणालो. "फेकून द्या. नवीन द्रावण करू."

लताबाईंनी बाटली उचलली, पुसली, उजेडात धरली. द्रावण स्वच्छ दिसत होतं. "फेकायचीच आहे तर आधी विचारून बघते तिला," त्या म्हणाल्या.

मोकळा फॉस्फेट ओळखायची कसोटी साधी आहे. मॉलिब्डेट घालायचं, मग क्षपण करणारं द्रव्य घालायचं. मोकळा फॉस्फेट असेल तर निळा रंग येतो, जितका जास्त तितका गडद. एटीपीच्या शेपटाला जोडलेला फॉस्फेट मात्र लगेच रंग देत नाही. लताबाईंनी बाटलीतलं थोडं द्रावण टेस्टट्यूबमध्ये घेऊन कसोटी लावली. मी गडद निळ्याची वाट पाहत उभा राहिलो. दोन दिवस उकाड्यात पडलेला एटीपी म्हणजे चक्काचूर झालेला असणार.

निळा रंग आला तो न आल्यासारखा. पांढरा कागद मागे धरला तेव्हा कुठे जरासा दिसला.

मी म्हणालो, "कसोटीत काहीतरी चुकलं."

त्यांनी दुसरी ट्यूब घेतली. त्यात शनिवारच्या प्रयोगाच्या भांड्यातलं, ढग आलेलं द्रावण थोडं घातलं. ते त्यांनी टाकून न देता झाकून ठेवलं होतं. आम्लाने ढग विरघळला. मग कसोटी. ट्यूब निळीशार झाली, शाईच्या दौतीसारखी.

आम्ही दोघं त्या दोन ट्यूबांकडे बघत उभे राहिलो. एटीपी तोच, एकाच बाटलीतला. उकाडा दोघांनाही तोच. एक तुटला नव्हता, दुसरा तुटला होता. फरक एवढाच की दुसऱ्याच्या भांड्यात लँथॅनम होता.

माझ्या डोक्यात उजेड पडायला थोडा वेळ लागला, कारण महिनाभर मी बर्फ वाहिला होता आणि वाहिलेल्या बर्फावर माणसाचा जीव जडतो. एटीपीला आम्ही उन्हापासून जपत होतो. ऊन त्याचं काही वाकडं करतच नव्हतं. त्याला मोडणारा आम्हीच मोजून, पिपेटने, त्याच्या भांड्यात घालत होतो.

"तो नुसता धरत नाही, सर," लताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "धरतो आणि ओढतो. फॉस्फेटच्या ऑक्सिजनला इतका जोरात ओढतो की शेपटाचा सांधा ढिला होतो. पाण्याचा रेणूही त्यानेच शेजारी धरलेला असतो. तो पाण्याचा रेणू सांध्यात घुसतो आणि फॉस्फेट सुटा होतो."

मी स्टुलावर बसलो. एवढासा आयन, डोळ्याला न दिसणारा, किनाऱ्यावरच्या वाळूतून आलेला. पेशी आपली सारी ताकद ज्या सांध्यात साठवते तोच सांधा त्याने नेमका शोधून काढावा आणि धरता धरता सोडवावा, याचं मला त्या दिवशी फार नवल वाटलं. आणि त्याहून जास्त नवल या बाईचं वाटलं. जगाने तिला ढगाबद्दल बोल लावला होता आणि ती ढगालाच प्रश्न विचारत बसली होती.

पुढचे दिवस गर्दीचे गेले. लताबाईंनी नुसता एटीपी, नुसता लँथॅनम आणि दोन्ही एकत्र असे फ्लास्क एकाच पाण्यात ठेवले. अल्कली कमी-जास्त करून पाहिला. नुसता लँथॅनम जिथे साका धरतो त्याच्या बराच आधी एटीपीबरोबरचा ढग येतो, हे दाखवलं. लँथॅनमच्या जागी कॅल्शियम घालून पाहिला, तेव्हा ट्यूब जवळजवळ कोरी राहिली. आकार तसाच, पण भार दोनचा, तेवढी ओढ त्याच्यात नाही. मला बर्फ आणू नका म्हणाल्या. मी तरी आठवडाभर आणला, सवयीने, आणि विभागात सगळ्यांना थंड सरबत मिळालं.

आम्हाला वाटलं, काहीतरी नवीन हाती लागलंय. मी तर मनातल्या मनात कॉलेजच्या फाटकावर फलक लावून मोकळा झालो होतो. लिहायला बसण्याआधी जुनं काम बघून यावं म्हणून लताबाई एसटीने पुण्याला गेल्या, तिथल्या एका मोठ्या ग्रंथालयात. दुसऱ्या दिवशी त्या लॅबमध्ये आल्या तेव्हा मी दारातच उभा होतो.

"झालेलं आहे, सर," त्या म्हणाल्या.

"काय झालेलं आहे?"

"हेच. एका जर्मन माणसाने केलेलं आहे. लँथॅनम फॉस्फेटचे सांधे सोडवतो म्हणून. बरीच जुनी गोष्ट आहे, आपल्याकडे कुणी बघितली नव्हती एवढंच."

मी जर्मनीला, छापखान्यांना आणि आमच्या कॉलेजच्या लायब्ररीला अहिराणीत जे काही बोललो ते लताबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मला रडायला येत होतं. एवढी मरमर करायची आणि वर कुणीतरी आधीच येऊन गेलेलं निघावं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, तर बाई हसत होत्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला आनंद कसला झालाय?" मी चिडून विचारलं.

"सर, त्याच्या भांड्यातही ढगच होता," त्या म्हणाल्या. "तिकडची काच, तिकडचं पाणी, तिकडची हवा. त्याच्याकडे नाशिकचा उन्हाळा नव्हता आणि आपला फ्रिज नव्हता. तरी तेच झालं. म्हणजे हे खरं आहे."

माझ्यासारखा माणूस अशा वेळी नवेपणा मोजत बसतो. त्यांना ते खरं आहे एवढंच हवं होतं. इतकी निर्मळ विद्या मी माझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाकडे पाहिली नाही, हे मी तोंडावर बोललो नाही, म्हणून इथे लिहितो.

गाइड म्हणाले, जुनंच निघालं तर ते प्रकरण वगळा, अमिनो आम्लांवर पदवी मिळेल. लताबाईंनी ते वगळलं नाही. त्या जर्मन माणसाचं काम आधी सांगून, कॅल्शियमशी केलेली तुलना आपली म्हणून जोडून, आणि एटीपीच्या पकडीचा आकडा या रीतीने काढता येत नाही असं स्वच्छ लिहून त्यांनी प्रकरण पुरं केलं. गाइडांनी बरीच खळखळ करून शेवटी सही केली. प्रबंध मुदतीत पोचला.

तोंडी परीक्षा पुण्यात झाली, सगळ्यांना खुली. आमच्या विभागातले झाडून सगळे गेले, ऑरगॅनिकवाले गृहस्थही, आणि पुंजाराम कारखान्यातून रजा काढून इस्त्रीचा सदरा घालून आले. बाहेरचे परीक्षक मद्रासचे होते, म्हातारे, मितभाषी. अमिनो आम्लांवर त्यांनी थोडंफार विचारलं आणि पानं उलटत शेवटच्या प्रकरणापाशी थांबले. इंग्रजीत विचारलं, त्याचा अर्थ असा की, हा ढग पहिल्यांदा दिसला तेव्हा तुम्ही काय केलंत?

"काच धुतली," लताबाई म्हणाल्या.

"मग?"

"पुन्हा धुतली. पुष्कळ दिवस धुतच होते. मग एक दिवस धुणं थांबवलं आणि ढगात काय आहे ते बघितलं."

"धुणं का थांबवलंत?"

लताबाईंनी उत्तर द्यायला वेळ घेतला, जसा थेंबासाठी घ्यायच्या. त्यांनी मागच्या रांगांकडे पाहिलं नाही. पाहिलं ते थेट परीक्षकांकडे.

"कारण काच स्वच्छ होती, सर."

परीक्षकांनी मान डोलावली आणि प्रबंध मिटला. पुंजारामांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "सर, काय म्हनली ती?" मी सांगितलं. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. अशा सभेत टाळ्या वाजवायची पद्धत नव्हती. मी वाजवल्या.